‘म्हणे’ कुठे गळालं? : कोचच्या शोधावरून व्याकरणाचा एक धडा



मंडळाच्या अभ्यासवर्गात ‘क्रियापदांचे अर्थ’ हा विषय माझ्या वाट्याला आला तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. शाळेत पाठ केले, पेपरात लिहिले आणि विसरलो. पण गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती नेमकी याच धड्यातली होती. म्हणून हा लेख व्याकरणाचा असला तरी त्यात फुटबॉल बराच आहे. फुटबॉलवाल्यांनी व्याकरण आलं म्हणून पळू नये, आणि व्याकरणवाल्यांनी फुटबॉल आला म्हणून.

आधी माझी चूक

गेल्या वर्षी ॲडमिशनच्या दिवसांत आपल्या फुटबॉलच्या सरांची स्कूटर मला दुसऱ्या एका कॉलेजच्या गेटपाशी दिसली. दुसऱ्या दिवशीही दिसली. मी टीमच्या ग्रूपवर टाकलं, “सर सोडून चालले. तिकडे जॉइन होतायत.” दोनच वाक्यं. रात्रीपर्यंत ती कुठल्या कुठे पोचली.

आमच्याकडे त्या वर्षी सत्तरीतल्या एका गावातून एक गोलकीपर आला होता. सर शिकवतील एवढ्याच कारणासाठी रोज दोन बसा बदलून यायला तो तयार झाला होता. तिसऱ्या दिवशी त्याने ॲडमिशन रद्द केली आणि घराजवळच्या कॉलेजात नाव घातलं. सर कुठेच गेले नाहीत. त्यांच्या मुलीची तिथे ॲडमिशन होती, फॉर्म भरायला ते दोन संध्याकाळी गेले होते.

सर रागावले नाहीत. “मला विचारायचं होतंस रे,” एवढंच म्हणाले. हे सगळं इथे लिहू का, हेही मी या वेळी त्यांना आधी विचारून घेतलंय.

त्या रात्री मी माझ्या आतेभावाला फोन केला. दादा २००६ साली अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात एम.एस. करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुझी स्कूटर, तशी आमच्याकडे विमानं होती.” मग त्याने मला जो किस्सा सांगितला, त्याच्या तारखा आणि आकडे मी नंतर पडताळून पाहिले. आजच्या धड्याला त्याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

टस्कलूसा, २००६

आपल्या गोव्यात फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, अंगावर हेल्मेट आणि पॅड. तिथे कॉलेजांचे संघ म्हणजे काही गॅदरिंगची हौस नव्हे. टस्कलूसा या गावातल्या अलाबामा विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये तेव्हा ९० हजारांहून जास्त माणसं बसत. बेअर ब्रायंट नावाच्या कोचने १९५८ ते १९८२ या काळात तिथे ६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. त्यांच्यानंतर १९९२ साली एक मिळालं आणि मग वाट पाहणं सुरू झालं.

नोव्हेंबर २००६च्या अखेरीला विद्यापीठाने कोच माइक शूला यांना काढलं. शेजारच्या ऑबर्न विद्यापीठाशी असलेला वर्षाचा मोठा सामना ते चारही वर्षं हरले होते. नवा कोच शोधायचं काम क्रीडासंचालक मॅल मूर यांच्याकडे आलं.

हा शोध चालतो गुपचूप, आणि त्याला कारण आहे. ज्याला बोलवायचं तो माणूस बहुतेक वेळा दुसरीकडे नोकरीत असतो. त्याचं नाव फुटलं तर तिथले खेळाडू बिथरतात. शिवाय सतरा-अठरा वर्षांची शाळकरी मुलं तेव्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुठल्या कॉलेजाकडून खेळायचं त्या कागदावर सही करत, आणि त्यांतली बरीच कोच बघूनच ठरवत. म्हणजे आमच्या गोलकीपरसारखीच. म्हणून ज्यांना खरं माहीत असतं ते गप्प बसतात. काही जण बोलतात, पण मतलबापुरतं : अमुक विद्यापीठ आपल्याला बोलावतंय अशी हवा झाली की आहे त्या नोकरीतही पगार वाढतो. आणि उरलेले, ज्यांना काहीच माहीत नसतं, ते सर्वांत जास्त बोलतात. हे म्हणजे चाहते.

दादा म्हणतो, त्या महिन्यात लॅबमध्ये कोणी अभ्यास करत नव्हतं. छोट्या खाजगी विमानांचे नंबर इंटरनेटवर घालून ती कुठून कुठे उडाली ते मुलं बघत बसायची. विमान अमक्या गावाला उतरलं, त्या गावात अमका कोच राहतो, म्हणजे बोलणी झाली, म्हणजे ठरलं! कुणाच्या बायकोने टस्कलूसात घर बघितलं, कुणाच्या मुलाच्या शाळेची चौकशी झाली, असलंही बरंच काही. बाजारात तुरी, असा सगळा प्रकार.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची बोटं वेस्ट व्हर्जिनियाचे कोच रिच रॉड्रिगेझ यांच्याकडे होती. त्यांनी होकार दिला अशा बातम्याही आल्या. ८ डिसेंबरला त्यांनी जाहीर केलं की आपण वेस्ट व्हर्जिनियातच राहणार. टस्कलूसात सुतक पडल्यासारखं झालं.

मग नाव आलं निक सेबन यांचं. ते मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे कोच होते. पत्रकार रोज विचारून त्यांना भंडावून सोडत. शेवटी २१ डिसेंबरला ते स्पष्ट म्हणाले की मी अलाबामाचा कोच होणार नाही. डॉल्फिन्सचा शेवटचा सामना ३१ डिसेंबरला झाला. नवीन वर्ष लागताच मूर विमानाने फ्लोरिडाला गेले. सेबनना घेतल्याशिवाय परत आलो तर मला सरळ क्यूबाला नेऊन सोडा, असं पायलटला सांगितल्याची गंमत मूर नंतर सांगत. ३ जानेवारी २००७ला सेबन त्याच विमानातून टस्कलूसात उतरले. करार ८ वर्षांचा, ३ कोटी २० लाख डॉलरचा. विमानतळावर चाहत्यांची झुंबड.

आता व्याकरण

फळ्यावर पाच वाक्यं लिहा :

१. विमान फ्लोरिडाला गेलं.
२. मूर सेबनना भेटले असणार.
३. बोलणी झाली असावीत.
४. सेबन हो म्हणाले असतील.
५. सेबन येतायत म्हणे.

पहिलं वाक्य स्वार्थातलं. घडलं ते सांगितलं, कोणीही तपासून पाहावं. दुसऱ्यात ‘असणार’ आहे : पाहिलं नाही, पण दुसरं काही संभवत नाही अशी बोलणाऱ्याची खात्री. तिसऱ्यातलं ‘असावीत’ हे विध्यर्थाचं रूप. विध्यर्थ म्हटलं की आपल्याला ‘मुलांनी अभ्यास करावा’ एवढंच आठवतं, पण तर्क सांगायलाही तोच लागतो. खुणा दिसल्या, त्यांवरून अंदाज केला. चौथ्यातलं ‘असतील’ आणखी सैल, होय किंवा नाही. पाचवं या सगळ्यांपेक्षा वेगळं. ‘म्हणे’ लावलं की मी अंदाजसुद्धा केलेला नाही. कोणी तरी सांगितलं, मी पुढे देतोय, जबाबदारी माझी नाही.

घरी कोंकणी बोलणाऱ्यांना हे चटकन कळेल. ‘तो आयला’ आणि ‘तो आयला खंय’ यांत जो फरक आहे तोच हा. तुमची आजी ‘खंय’ कधी विसरत नाही, बघा लक्ष ठेवून. आणि मराठीत ‘म्हणे’ वाक्याच्या सुरुवातीला आणलं तर त्यात अविश्वासही मिसळतो : “म्हणे सर चालले!” एकच शब्द, जागा बदलली की सूर बदलतो.

म्हणजे आपल्या भाषेने प्रत्येक वाक्याला ‘हे तुला कसं कळलं?’ असं विचारायची सोय करून ठेवली आहे. अफवा तयार होते ती खोटं बोलल्यामुळेच असं नाही. बऱ्याचदा ही लहानशी रूपं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना गळतात. पहिला म्हणतो ‘भेटले असावेत’, दुसरा म्हणतो ‘भेटले म्हणे’, तिसरा म्हणतो ‘भेटले’, चौथा म्हणतो ‘ठरलं’. चौघांपैकी एकानेही मुद्दाम खोटं सांगितलेलं नसतं.

माझं वाक्य आता तपासा. मला माहीत होतं ते इतकंच : “सरांची स्कूटर दोन दिवस तिथे होती.” फार तर म्हणता आलं असतं, “सर तिथे कुणाला भेटत असावेत.” मी लिहिलं, “सर सोडून चालले.” पहिल्या पायरीवरून एकदम गच्चीत. आणि त्या पोराने माझ्या व्याकरणावर विश्वास ठेवला. मी ‘चालले’ लिहिलं, त्याने ‘चालले’ वाचलं. चूक त्याची नव्हती.

“पण अंदाज बरोबर निघाला तर?”

हा प्रश्न मी दादाला विचारला. सेबन येणार असं म्हणणारे चाहते शेवटी बरोबर ठरले ना? आले की ते!

दादाने उलट विचारलं, “आणि रॉड्रिगेझ येणार म्हणणारे कोण होते?” तेच. तीच विमानं, तीच घरं, तेच तर्कशास्त्र. एकदा उत्तर चुकलं, एकदा जुळलं. रीत तीच असून एकदा जुळलं, तर ते रीतीचं श्रेय नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. गणिताचे मॅडम म्हणतात ना, उत्तर बरोबर पण स्टेप्स नाहीत, मार्क नाहीत.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. सेबननी तर स्वतःच्या तोंडाने नाही म्हटलं होतं. मग ज्याचं त्याला विचारलं तरी खरं कळेल याची काय खात्री? मी यावर बराच विचार केला. ‘होणार नाही’ हे भविष्यातलं वाक्य आहे. भविष्याबद्दल बोलणारा फार तर आपला आजचा इरादा सांगू शकतो, कधी तोही झाकून ठेवतो, कारण समोर त्याचा आजचा संघ बसलेला असतो. म्हणून अशा वाक्याची नोंद करायची ती अशी : “२१ डिसेंबरला सेबन ‘नाही’ म्हणाले.” हे आजही शंभर टक्के खरं आहे. “सेबन येणार नाहीत” हे मात्र दोन आठवड्यांत खोटं ठरलं. कोण, कधी, काय म्हणालं हे वाक्यात ठेवलं की वाक्य पुढे काहीही झालं तरी टिकतं.

आणि सरांच्या बाबतीत? तिथे विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. फॉर्मची पावती त्यांच्या खिशातच होती.

मग अंदाज करूच नये का?

असं मी म्हणत नाही. दादा सांगतो, तो डिसेंबर त्याच्या तिथल्या दिवसांतला सगळ्यात मजेचा. परक्या देशात, ओळखदेख नसलेल्या लोकांशी बोलायला विषय मिळाला. एरवी नुसतं ‘हाय’ करणारा शेजारी अर्धा तास दारात उभा राहून विमानांबद्दल बोलायचा. एप्रिल २००७मध्ये सेबन यांच्या संघाचा नुसता सरावसामना बघायला ९२,१३८ लोक आले. महिनाभर तर्क करून करून त्यांनी तो माणूस आपलासा करून टाकला होता. पहिल्या वर्षी संघ ७ सामने जिंकला, ६ हरला. ब्रायंट यांच्याइतकीच ६ विजेतेपदं सेबननी पुढे मिळवली आणि जानेवारी २०२४मध्ये ते निवृत्त झाले. दोनच दिवसांत पुढचा कोच जाहीर झाला. विमानं बघायला लोकांना फारसा वेळच मिळाला नाही.

कथा वाचतानाही आपण पुढचं ओळखत असतोच. ते करावं. फक्त ‘असावा’ हा ‘असावा’च राहू द्यावा.

आमचा तो गोलकीपर आता त्या दुसऱ्या कॉलेजकडून खेळतो. यंदा आमच्याविरुद्ध त्याने एक पेनल्टी अडवली. मॅचनंतर सरांनी त्याची पाठ थोपटली. मी लांब उभा होतो. मग गेलो आणि ‘चुकलं रे माझं’ म्हणालो. तो हसला. त्याच्या मनात काय असेल ते मी इथे लिहीत नाही.

अभ्यास (पुढच्या बैठकीला वहीत आणावा)

१. गेल्या आठवड्यात ग्रूपवर तुम्ही स्वतः पुढे पाठवलेली तीन वाक्यं लिहा. प्रत्येकापुढे लिहा : पाहिलं, ताडलं की ऐकलं?

२. त्या वाक्यांत योग्य तिथे ‘असणार’, ‘असावा’, ‘असेल’ किंवा ‘म्हणे’ घालून ती परत लिहा. वाक्य किती बदललं?

३. ‘विमान उतरलं’ पासून ‘कोच ठरला’ पर्यंतच्या पायऱ्या क्रमाने लिहा. कुठल्या पायरीवर पुरावा संपतो?

४. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं दहा मिनिटांचं बोलणं ऐका आणि त्यात ‘म्हणे’ किंवा ‘खंय’ किती वेळा आलं ते मोजा. मग आपलंही मोजा.