प्रवेश-व्यवस्थापनाची मुक्त आज्ञावली : जुळवणी आणि उभारणी

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरीची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीतील एखाद्या मध्यम कारखान्याचा कारभार डोळ्यांसमोर आणावा. हिशेब, पगारपत्रक, मालसाठा, विक्री आणि वाहतूक यांसाठी पाच निरनिराळ्या संगणक प्रणाली असतात आणि प्रत्येकीचा परवलीचा शब्द वेगळा असतो. ते लक्षात राहत नाहीत, म्हणून टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले जातात. लेखापाल नोकरी सोडून जातो, तेव्हा त्याचे नाव एका प्रणालीतून काढले जाते. उरलेल्या चारांत ते तसेच राहते. दाराला कुलूप असते, पण किल्ल्या कितीजणांकडे आहेत, हे मालकालाही सांगता येत नाही.

ही त्रुटी दूर करणाऱ्या व्यवस्थेस प्रवेश-व्यवस्थापन म्हणतात. आलेली व्यक्ती कोण, तिला काय करण्याची मुभा आहे आणि तिने केव्हा काय केले, या तीन प्रश्नांची उत्तरे ती एकाच ठिकाणी देते. एकदा ओळख पटली की नेमून दिलेल्या सर्व प्रणाली खुल्या होतात आणि एका ठिकाणी नाव रद्द केले की सर्व दारे बंद होतात.

या व्यवस्थेचे मोल बँकिंग क्षेत्राला चांगलेच कळले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्सला वळवले गेले. चोरांनी तिजोरी फोडली नव्हती. बँकेचीच प्रवेश-ओळख वापरून त्यांनी रक्कम पाठविण्याचे आदेश दिले होते.

मुक्त, पण विनाखर्च नव्हे

या कामासाठी मुक्त स्रोताच्या आज्ञावली उपलब्ध आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये आपली प्रवेश-आज्ञावली ‘ओपन एसएसओ’ या नावाने खुली करण्याचे जाहीर केले. २०१० मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतल्यावर फोर्जरॉक या कंपनीने ती ‘ओपन एएम’ या नावाने पुढे चालविली. २०१६ च्या अखेरीस फोर्जरॉकने नव्या आवृत्त्यांचा स्रोत खुला ठेवणे थांबविले, तेव्हा स्वयंसेवी गटांनी जुन्या स्रोतावरून काम चालू ठेवले. रेड हॅटच्या पुढाकाराने २०१४ मध्ये आलेली ‘कीक्लोक’ ही आज आणखी एक प्रमुख आज्ञावली आहे. बंगळुरूच्या आयआयआयटीत आकारास आलेल्या ‘मोसिप’ या ओळख-मंचातही तिचा वापर होतो.

परवान्याचे शुल्क नसले, तरी देखभालीचा खर्च टळत नाही. ओपन एएमच्या जुन्या घडणीतील एका भागात २०२१ मध्ये गंभीर दोष उघड झाला. त्यातून लॉगइन न करताही सर्व्हरवर आज्ञा चालविता येत होत्या. दुरुस्ती उपलब्ध झाली. परंतु जिने मूळ स्रोतात मनाजोगे फेरफार केलेले असतात, त्या संस्थेला अशी दुरुस्ती सहज बसविता येत नाही.

जुळवणीची शिस्त

म्हणून जुळवणीचे तीन स्तर ओळखावेत. परवलीच्या शब्दाचे नियम, भूमिका, सत्राची मुदत या गोष्टी उपलब्ध पर्यायांतून ठरविता येतात. बहुतेक गरजा येथेच भागतात. लॉगइनचे पान मराठीत किंवा हिंदीत करणे, संस्थेचे बोधचिन्ह लावणे, जुनी कर्मचारी-यादी जोडणे ही कामे स्वतंत्र पूरक घटकांतून करावीत. कीक्लोकमध्ये त्यासाठी ‘थीम’ व ‘प्रोव्हायडर’ यांची सोय आहे. मूळ स्रोताला हात लावणे हा अखेरचा उपाय मानावा आणि प्रत्येक बदलाचे कारण लेखी नोंदवावे.

उभारणीचा क्रम

प्रारंभी कर्मचारी, त्यांची कामे आणि त्यांना लागणारे अधिकार यांचा तक्ता करावा. हे काम संगणक विभागाचे नसून व्यवस्थापनाचे आहे. नंतर चाचणीसाठी वेगळा सर्व्हर उभारावा. कीक्लोकसोबत येणारा डेटाबेस केवळ सरावापुरता असतो. प्रत्यक्ष वापरासाठी पोस्टग्रेससारखा स्वतंत्र डेटाबेस व सुरक्षित जोडणी हवी. प्रथम एखादी कमी जोखमीची प्रणाली जोडावी, हिशेब व पगार शेवटी जोडावेत. सर्व दारांची किल्ली एके ठिकाणी आली, म्हणजे ते ठिकाण बंद पडल्यास सारेच काम थांबते. यासाठी पर्यायी सर्व्हर व डेटाबेसची नियमित प्रत अनिवार्य आहे. प्रशासकाच्या खात्यास परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी पडताळणीही असावी.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. त्याची तरतूद उभारणीतच करावी.

ग्राहकांसाठी बोध

मोठी आज्ञावली न बसविणाऱ्या व्यावसायिकालाही यातील तत्त्वे उपयोगी आहेत. नेटबँकिंगमध्ये देयक भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा असावा. प्रत्येकाची ओळख स्वतंत्र असावी. मालकाचा परवलीचा शब्द किंवा ओटीपी लेखापालाला देऊ नये. कर्मचारी कार्यमुक्त होईल त्याच दिवशी त्याचा प्रवेश रद्द करण्याची सूचना बँकेस द्यावी आणि दर तिमाहीस अधिकारांची यादी तपासावी. हिशेबाच्या वहीइतकीच ही यादीही अद्ययावत असणे, हे सुरक्षित व्यवहाराचे पहिले लक्षण होय.