पेटीच्या आधी गळा

पोरी, गुरुजींचा क्लास आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस तुझं तुलाच शिकायचं आहे. उमरखेडात अडलं की लगेच विचारावं, असं घराशेजारी कुणी नाही. म्हणून आपली चूक आपल्यालाच पकडता आली पाहिजे.

आधी पेटीमागं गायची सवय मोड. सूर दाबून मग गाशील तर कान आळशी होतो. मोबाइलवर तंबोरा लाव, गुरुजींनी ठरवून दिलेल्या पट्टीतच. सा लाव, तिथून पंचमावर जा आणि तो लांबव. लांबलेला असतानाच पेटीचा पंचम दाब. दोन्ही आवाज मिसळून गेले तर सूर लागला. मधे थरथर ऐकू आली तर चढलीस किंवा उतरलीस. मग पेटी सोड, पुन्हा सा पासून ये. पेटीच्या आधारानं सूर ओढून घेऊ नकोस. भूपाचा गंधार मात्र तंबोऱ्यावरच तपास. पेटीचा गंधार किंचित चढाच असतो.

वही क्लासवरून आल्या-आल्या लिही, सकाळपर्यंत निम्मं विसरतं. आणि एक सांभाळ. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या लिपीत तेच वरचं टिंब मंद्राचं. दोन्हीकडून उतरवशील तर पानावर लिपी कुणाची ते लिहून ठेव, नाहीतर वरची जागा खाली गाशील.

बंदिशीचे शब्द आधी नुसते तीनतालात म्हण: टाळी पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला, खाली नवव्याला. स्वर मागून घाल. अडलं की मुखड्यापासून सुरू करायचा मोह होतो, पण त्यानं येतं तेवढंच घोटलं जातं. अडतेस त्या चारच मात्रा काढ, दुप्पट सावकाश गा, मग ओळीत बसव.

आणि बाई, एकटीच गात राहू नकोस. गुरुदेव सेवा मंडळाचं भजन असेल तिथं जा, खंजिरी वाजवणाऱ्याजवळ बस. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं गायला लावली, आपल्याकडचे हात त्यात तयार आहेत. तिथं तुझ्यासाठी कुणी थांबत नाही. ओळ हुकली तर गप्प राहा, टाळी चालू ठेव आणि पुढच्या समेला शिर. घरातल्या तंबोऱ्याकडून हे शिकता येत नाही. जाताना वही नेऊ नकोस.