साठीनंतरचा मिताहार

सज्जनहो, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात अतिस्थूल देहाचा विचार आहे. कारणे कोणती? जड व गोड अन्न, दिवसा झोप, व्यायामाचा अभाव. उपाय सांगताना आचार्य म्हणतात, व्यायाम क्रमाने वाढवावा. ‘क्रमाने’ हा शब्द साठीनंतर फार मोलाचा, बरं का!

कित्येक जण वजन उतरावे म्हणून एकदम अन्न तोडतात. या वयात त्याने चरबीबरोबर मांसही झडते, पाय लटपटतात. पडले की हाड मोडते. मग वारी कशी घडावी? आणि एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे दुप्पट खाल्ले, तर तो उपवास कसला?

तेव्हा मेहरूणच्या मंडळींनी असे करावे. कळण्याची भाकरी चतकोर कमी घ्यावी, पण वरण, मूग सोडू नयेत. भरतातले तेल आवरावे. पहाटे तलावाकाठी नाम घेत दहा मिनिटे चालावे. दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवीत अर्ध्या तासावर यावे. मधुमेहाचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नये.

हा क्रम आषाढीपर्यंत टिकला, तर टाळ घेऊन उभे राहताना गुडघेच साक्ष देतील. रामकृष्णहरि.