दूरचा फ्लॅश कमी खर्चात कसा चालवावा?

थोड्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या धंद्यांत फोटोग्राफीची गणना होते. परंतु बहुतेक पुंजी कॅमेरा घेण्यातच संपते आणि फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवूनच काम सुरू होते. अशा फोटोत चेहरा सपाट दिसतो व मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. तोच फ्लॅश स्टँडवर, बाजूला आणि थोडा उंच ठेवला, तर चेहऱ्याला उठाव येतो. मग कॅमेऱ्याचे बटण दाबताच दूरचा फ्लॅश पेटवायचा कसा? त्याचे तीन स्वस्त मार्ग आम्ही येथे देत आहोत.

1) तार : सिंक कॉर्डने कॅमेरा आणि फ्लॅश जोडावा. तारेला सेल लागत नाही आणि उजेडाचा अडथळा नसतो. पासपोर्ट फोटो किंवा दुकानातील मालाचे फोटो काढण्यास ती पुरेशी आहे. लग्नाच्या गर्दीत मात्र तार पायात अडकून स्टँड पडू शकतो.

2) स्लेव्ह : हा छोटा डोळा दुसऱ्या फ्लॅशचा लखलखाट पाहून आपला फ्लॅश पेटवतो. बंद खोलीत तो उत्तम चालतो, कडक उन्हात दगा देतो. मात्र तो कोणाच्याही फ्लॅशने पेटतो. एका समारंभात पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांनी आमचा फ्लॅश सारखा पेटत राहिला आणि ऐन वेळी तो चार्जच नव्हता. शिवाय आजचे कॅमेरे टीटीएल पद्धतीत मुख्य प्रकाशाआधी एक चाचणीचा प्रकाश टाकतात. साधा स्लेव्ह त्यालाच फसतो. म्हणून कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा, किंवा स्लेव्हमध्ये एस-2 ही सोय असल्यास ती वापरावी.

3) रेडिओ ट्रिगर : लग्नकामासाठी हाच योग्य. भिंतीआड किंवा उन्हातही तो चालतो. ज्यात रिसीव्हर आधीच बसवलेला आहे असा फ्लॅश, उदाहरणार्थ गोडॉक्सचा टीटी-600, घेतला तर त्याच कंपनीचा फक्त ट्रान्समीटर घ्यावा लागतो. वेगळ्या रिसीव्हरचा खर्च वाचतो. त्याच हॉलमध्ये दुसरा फोटोग्राफर असल्यास चॅनल बदलून घ्यावे. फोटोत काळी पट्टी येऊ लागली तर शटरचा वेग 1/200 वरून 1/160 किंवा 1/125 वर आणावा.

टीटीएल ट्रिगरला जास्त पैसे पडतात. फ्लॅश एका जागी ठेवून काम करणाऱ्याने सुरुवातीला मॅन्युअल ट्रिगरच घ्यावा.

आता एक इशारा. जुना फ्लॅश स्वस्तात मिळतो, पण तो तपासल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्याला जोडू नये. व्हिविटार 283 च्या सुरुवातीच्या फ्लॅशमध्ये जोडाच्या जागी 200 व्होल्टहून अधिक दाब आढळतो, तर काही कॅमेरे 6 व्होल्टच सोसतात. दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते. फ्लॅश चार्ज करून, मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून मधली पिन व बाजूची पट्टी यांतील व्होल्ट मोजावेत. बोट लावू नये. हे जमत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराकडून मोजून घ्यावेत. व्होल्ट जास्त निघाल्यास तो फ्लॅश स्लेव्हवर वापरावा, कारण तेथे कॅमेऱ्याशी तारेचा संबंधच येत नाही. रेडिओ रिसीव्हरलाही अशी मर्यादा असते, ती पाहून घ्यावी.

सारांश, दुकानात बसून काम असेल तर तार, खोलीत दोन-तीन फ्लॅश असतील तर स्लेव्ह आणि समारंभासाठी रेडिओ. विकत घेताना दुकानातच वीस-तीस वेळा पेटवून पाहावे. कामावर जाताना जादा सेल आणि एक तार पिशवीत ठेवावी. निकाहनंतरची गळाभेट फोटोसाठी पुन्हा घडत नाही, आणि एकदा हुकलेला फोटो पुढची चार गिऱ्हाइके घालवतो.