घरोघरच्या ध्वनिचित्रसंग्रहाचे जतन : बिरवाडी-महाड परिसराच्या दृष्टीने

महाड तालुक्यातील बिरवाडी हे काळ नदीच्या काठी वसलेले गाव. लगत औद्योगिक वसाहत, सभोवती भातशेती आणि पिढ्यान्‌पिढ्या मुंबईशी नाते जडलेली घरे, असे या परिसराचे स्वरूप आहे. चाकरमान्यांबरोबर टेपरेकॉर्डर कोकणात आला, मागोमाग व्हिडिओ आला आणि आता मोबाईल तर प्रत्येकाच्या हाती आहे. त्यामुळे येथील घराघरांतून, कपाटात, ट्रंकेत वा माळ्यावर, लग्नाच्या चित्रफिती, शिमग्याच्या पालखीची छायाचित्रे, जाखडीच्या बाऱ्या, भजने आणि घरातील वृद्ध स्त्रियांच्या ओव्या यांचा संग्रह साचलेला असतो. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. गावाच्या इतिहासाचे हे साधन मात्र दोन बाजूंनी धोक्यात आहे. एक धोका पाण्याचा आणि दुसरा, सहसा ध्यानात न येणारा, ज्या ऑनलाइन सेवांवर हा संग्रह विश्वासाने सोपवला जातो त्या सेवांचाच.

ध्वनिमुद्रण सामान्य घराच्या आवाक्यात आले त्याला फार काळ लोटलेला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले ते त्यानंतर चार महिन्यांनी, २३ जुलै १९२७ रोजी. त्या काळी आवाज टिपणे हे ग्रामोफोन कंपन्यांचे काम होते. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट बाजारात आणली आणि ही मक्तेदारी संपली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व १९७६ मध्ये जपानमध्ये व्हीएचएस पद्धतीची चित्रफीत आली. कोणाचा आवाज जतन करावा, हे ठरविण्याचा अधिकार कॅसेटमुळे प्रथमच कुटुंबाकडे आला. ही गोष्ट लहान नव्हे.

पाणी आणि दमट हवा

काळ नदी सावित्रीला मिळते आणि महाड शहर सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमावर आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात पुराचे पाणी शिरले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा जीवितहानीपुढे फोटो-फितींची हानी गौण आहे, हे खरे. परंतु गेलेल्या माणसाचे एखादे छायाचित्र, एखादे बोलणे, हेच मागे राहिलेल्यांच्या हाती उरते, आणि तेही चिखलात जावे हे टाळता येण्यासारखे आहे.

पूर न आला तरी कोकणची हवा आपले काम करीतच असते. कॅसेटच्या फितीवर चुंबकीय कणांचा लेप एका चिकट द्रव्याने बसविलेला असतो. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून हळूहळू सैल पडते, फितीवर बुरशी धरते आणि फीत चालविताच लेप सुटून यंत्राला चिकटतो. म्हणून बुरशी धरलेली फीत ‘अजून वाजते का’ हे पाहण्यासाठी लावणे योग्य नव्हे. ती आधी स्वच्छ केली पाहिजे. दुसरी अडचण यंत्रांची आहे. व्हीएचएसचे यंत्र बनविणे जगभर थांबले असून जुनी चालू यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत.

सेवा बंद पडते तेव्हा

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे सारे काही इंटरनेटवर ‘चढवून’ ठेवणे. तो उपाय उपयुक्त आहे, परंतु पुरेसा नाही. भारतात अतिशय लोकप्रिय झालेली ऑर्कुट ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. छायाचित्रे उतरवून घेण्यास मुदत मिळाली, पण ती न घेणाऱ्यांचे अल्बम गेले. २००३ ते २०१५ या काळात मायस्पेस या संकेतस्थळावर लोकांनी ठेवलेले संगीत नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके मिळाली नाहीत. गुगल फोटोज या सेवेत २०१५ पासून काही दर्जापर्यंतची छायाचित्रे अमर्याद ठेवता येत होती. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे १५ गिगाबाइटच्या मोफत मर्यादेत मोजली जाऊ लागली, आणि डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण अमलात आले. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे खाते कोणीच उघडले नाही, तर त्यातील छायाचित्रांचे काय होईल, याचा विचार घरोघर व्हावयास हवा.

यात लबाडी आहे असे नव्हे. अटी वापरणाराने मान्य केलेल्या असतात. मुद्दा असा की, ऑनलाइन सेवेतून मिळते ते बहुधा वापराचे अनुज्ञापन असते, मालकी नसते. भाड्याच्या खोलीत सामान ठेवावे, पण घराची कागदपत्रे एकट्या त्या खोलीत ठेवू नयेत, इतके तारतम्य येथेही लागते.

हौशी मंडळींचे काम

या क्षेत्रातील पुष्कळसे चांगले काम हौशी माणसांनी केले आहे. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुरेश चांदवणकर यांनी तिचे सचिवपद अनेक वर्षे सांभाळले. हेमा राईरकर व गी प्वातवॅं यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणाला व संगणकीय सूचीला हातभार लावला आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर गायिकांच्या व गावांच्या नावांसह प्रसिद्ध होऊ लागल्या. हे नाव-गाव नसते, तर त्या केवळ सुरेल आवाज ठरल्या असत्या.

घरच्या संग्रहासाठी लागणारे सॉफ्टवेअरही बरेचसे हौशी व विद्यार्थी मंडळींच्या प्रयत्नांतून आले आहे. ध्वनी संगणकात उतरवून घेण्याचे ऑडॅसिटी २००० साली प्रसिद्ध झाले. जवळजवळ कोणतीही फाइल चालविणारे व्हीएलसी पॅरिसजवळच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाले व २००१ मध्ये मुक्त झाले. कोडी आणि २०१८ मधील जेलीफिन ही सॉफ्टवेअरे घरातील संग्रह ग्रंथालयासारखा मांडून दूरचित्रवाणी संचावर दाखवितात. जेलीफिन एका संगणकावर बसविले की घरातील इतर संच व मोबाईल त्याच वायफायवरून तो संग्रह पाहू शकतात. फाइली घरातच असल्याने बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी हे चालू शकते. ही सर्व विनामूल्य आहेत व त्यांची रचना खुली आहे. याउलट मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया सेंटर’ २००२ मध्ये गाजावाजाने आले आणि २०१५ मध्ये विंडोजच्या नव्या आवृत्तीतून वगळले गेले. त्यावर संग्रहाची मांडणी केलेल्यांना ती नव्याने करावी लागली. सॉफ्टवेअर कोणतेही असो, फाइली साध्या व सर्वमान्य प्रकारच्या असाव्यात आणि त्यांची माहिती सॉफ्टवेअरच्या पोटात न राहता शेजारी एका साध्या मजकूर-फाइलमध्येही असावी, हा बोध यातून घ्यावयाचा.

प्रत्यक्ष काम

कॅसेट उतरवून घेण्यास चालू टेपरेकॉर्डर, एक जोडतार आणि साधा संगणक पुरतो. मूळ प्रत वेव्ह या प्रकारात ठेवावी. नेहमीच्या सीडीच्या दर्जाने एका तासाच्या कॅसेटला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे शंभर कॅसेटना सुमारे ६४ गिगाबाइट. फ्लॅक या प्रकारात दर्जा तसाच राहून जागा बरीच वाचते. एमपी३ केल्यास सेकंदाला १२८ किलोबिट या दराने तासाला सुमारे ५८ मेगाबाइट पुरतात. परंतु त्यात ध्वनीचा काही अंश कायमचा गाळला जातो, म्हणून ती वाटण्याची प्रत समजावी, जतनाची नव्हे. व्हॉट्सअॅपवरून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले असता तेही असेच आकसते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूपात जाते.

गावातील जोडणीचाही हिशेब मांडला पाहिजे. वर पाठविण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरला तरी ६४ गिगाबाइट चढविण्यास सुमारे चौदा तास लागतात, तेही वीज व जोडणी अखंड राहिल्यास. ते रात्री थोडेथोडे करावे, किंवा हार्ड डिस्क मुंबईला जाणाऱ्याच्या हाती द्यावी. एसटीची बस येथे इंटरनेटला हार जात नाही.

फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग प्रसंग, मग गाव लिहिल्यास अनुक्रम आपोआप लागतो. जुन्या मराठी फाँटमधील मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांत दिसतो, यासाठी नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात. खरे कष्टाचे काम पुढेच आहे. बारीत गाणारा शाहीर कोण, ढोलकीवर कोण, पालखी कोणत्या वाडीतून निघाली, हे कोणत्याही ऑनलाइन सूचीत सापडणार नाही. ते सांगणारी माणसे वृद्ध आहेत. येथे शाळेचा मोठा उपयोग होऊ शकतो. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना फीत ऐकवून नावे लिहून घ्यावीत. मात्र गाणाऱ्या स्त्रीला विचारल्यावाचून तिचा आवाज सार्वजनिक करू नये. खासगी वापरासाठी प्रत काढण्यास स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये मर्यादित सवलत आहे. ती विकत आणलेल्या गाण्यांच्या कॅसेट इंटरनेटवर टाकण्यास लागू नाही.

प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि एक अन्यत्र, असा संकेत छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे जुने नायट्रेट चित्रपट भस्मसात झाले. राष्ट्रीय संस्थेची ही गत होते, तर एका घराची काय कथा? बिरवाडीच्या संदर्भात ‘अन्यत्र’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागेल. महाडच्या बाजारपेठेतील नातलगाकडे ठेवलेली प्रत अन्यत्र नव्हे, कारण दोन्ही ठिकाणे एकाच खोऱ्यात आहेत. ती मुंबई, पुणे वा घाटावर असावी. ऑनलाइन सेवेतील प्रत तिसरी म्हणून अवश्य धरावी, परंतु तिचा परवलीचा शब्द घरातील दोघांना तरी ठाऊक असावा. ग्रामपंचायतीने एक चालू टेपरेकॉर्डर व संगणक उपलब्ध करून दिल्यास प्रत्येक घराला वेगळा खर्च करावा लागणार नाही.

एवढे करूनही मूळ वस्तू भिजलीच, तर घाई टाळावी. भिजलेली कॅसेट वाजवू नये व हार्ड डिस्कला वीज जोडू नये. चिखल स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा आणि फीत सावलीत सुकवावी. एकमेकांना चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवू नयेत. स्वच्छ पाण्यात काही वेळ ठेवली असता ती बहुधा आपोआप सुटतात. मग चित्राची बाजू वर करून एकेक वाळत घालावी. मे महिन्यात चाकरमानी गावी असतात, शाळेला सुटी असते आणि हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. कॅसेट उतरविण्याचे काम मृग लागण्यापूर्वी आटोपून पहिली हार्ड डिस्क त्यांच्याबरोबरच मुंबईला रवाना करता येईल.