काठी आणि आवाज यांच्यातल्या दोन फ्रेम

ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि ठोका क्षणभरानं ऐकू येतो. कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या बँडचे व्हिडिओ पाहताना हे तुम्हालाही जाणवलं असेल. काय चुकलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण दोन मिनिटांत तो व्हिडिओ बंद करतो.

गेल्या महिन्यात एक आई मुलीला घेऊन भेटायला आल्या. मुलगी बारावी कॉमर्सला. मैत्रिणींच्या बँडचे कार्यक्रम तीन-चार मोबाइल लावून शूट करते आणि रात्री जागून ते जोडत बसते. आईंचा प्रश्न सरळ होता. “सर, क्लासवाले म्हणतात आमचं सॉफ्टवेअर शिकली की काम मिळेल. फी भरू का? आणि सॉफ्टवेअर कुठलं घेऊन देऊ?” मी मुलीला तिचा एक व्हिडिओ लावायला सांगितला. मागच्या मोबाइलचं चित्र आलं की काठी आणि ठोका यांचं जुळत नव्हतं. हे कशानं झालं असेल, असं विचारल्यावर ती म्हणाली, “तो मोबाइल लांब होता ना सर, आवाज तिथे उशिरा पोचला.”

मी आईंना म्हटलं, फी सध्या राहू द्या.

हिशोब असा आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून ३० मीटरवर, शेवटच्या रांगेमागे ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत पोचायला त्याला जवळजवळ ०.०९ सेकंद लागतो. सेकंदाला २५ फ्रेमनं शूट केलं तर एक फ्रेम ०.०४ सेकंदाची, म्हणजे उशीर दोन फ्रेमचा. एडिटिंगला बसल्यावर सगळे कॅमेरे मिक्सरवरून घेतलेल्या मुख्य आवाजाशी जुळवायचे असतात. आवाजाच्या लहरी ताडून सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. मागच्या कॅमेऱ्याचा उशिरा आलेला आवाज ते बरोबर ओढून मुख्य आवाजावर बसवतं. पण त्याच्याबरोबर चित्रही ओढलं जातं, आणि चित्र तर वेळेवरच टिपलेलं असतं. मग काठी दोन फ्रेम आधीच पडते. तो कॅमेरा टाइमलाइनवर दोन फ्रेम उजवीकडे सरकवला की जमतं, पण त्यासाठी आधी ते कानाला खटकावं लागतं. या मुलीला कारण कळलं होतं, फक्त उपाय माहीत नव्हता.

म्हणून बँडचं काम करू पाहणाऱ्या मुलांना मी सांगतो, सॉफ्टवेअर निवडताना ते आवाजाला कसं वागवतं हे आधी बघा. सिनेमात किंवा मुलाखतीत आवाज कापता येतो, मागेपुढे करता येतो. गाणं सुरू झालं की ते संपेपर्यंत अखंड असतं. चित्रानं त्याच्या मागून जायचं.

याच कारणासाठी सुरुवात करणाऱ्याला मी दाविंची रिझॉल्व्ह सुचवतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि मोफत आवृत्ती तुटपुंजी नाही. त्यात मल्टिकॅम आहे: चारही कॅमेऱ्यांची चित्रं एकदम पडद्यावर चालू राहतात, गाणं वाजत असतं आणि तुम्ही तालावर कॅमेरे बदलत जाता. शिवाय फेअरलाइट नावाचा ध्वनीचा पूर्ण विभाग त्याच खिडकीत आहे. साउंडवाल्यानं गायिका, गिटार, कीबोर्ड, ड्रम असे वेगळे ट्रॅक दिले तर तिथेच त्यांचं मिक्सिंग करता येतं. पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत अंधाऱ्या स्टेजच्या चित्रातले दाणे कमी करायची सोय आहे आणि ती खरंच उपयोगी आहे. किंमत २९५ डॉलर, एकदाच. पण पहिली कमाई होईपर्यंत तिची गरज नाही. कंपनीची प्रशिक्षणाची पुस्तकं आणि सरावाचं फुटेजही फुकट उतरवून घेता येतं. भरमसाट फीच्या कोर्सचा फॉर्म भरण्याआधी पालकांनी त्यातलं एक पुस्तक मुलांकडून पूर्ण करून घ्यावं.

अडोबीचं प्रीमिअर वाईट आहे असं नाही. अनेक स्टुडिओंत आणि वाहिन्यांत तेच चालतं, नोकरी तिथेच करायची असेल तर पुढे शिकावं लागेल. मात्र त्याचं भाडं चालू राहतं, आणि भाडं थांबलं की सॉफ्टवेअर थांबतं. शिकणाऱ्याच्या खिशाला हे जड जातं. फायनल कट प्रो फक्त मॅक आणि आयपॅडवर चालतं. घरी मॅक असेल तर जरूर बघा, केवळ त्यासाठी मॅक घेऊ नका. जुन्या कॉम्प्युटरवर रिझॉल्व्ह अडखळत असेल तर केडेनलाइव्ह हे मुक्त सॉफ्टवेअर वापरा. आवाजावरून क्लिपा जुळवणं त्यातही होतं. आणि चोरून मिळणाऱ्या आवृत्त्या घरात येऊ देऊ नका. फुकटात इतकं चांगलं मिळत असताना त्याला काही कारणच उरत नाही.

मोबाइलवर शूट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोबाइलचा फ्रेमदर बरेचदा स्थिर नसतो, त्यामुळे गाण्याच्या सुरुवातीला जुळलेलं चित्र शेवटच्या कडव्यापर्यंत सुटलेलं असतं. एडिटिंगआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमदरवर काढून घ्या.

खर्च करायचाच तर तो यंत्रावर आणि साठवणुकीवर करा. १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर हवा. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटनं रेकॉर्ड केला तर तासाला ४५ जीबी होतो. चार कॅमेरे, दोन तासांचा कार्यक्रम, म्हणजे ३६० जीबी. हे सगळं दोन वेगळ्या डिस्कवर हवं, एकावर नाही. हे मी जीव तोडून सांगतो त्याला कारण आहे. एका दिवाळी पहाटेचं सगळं फुटेज मी एकाच डिस्कवर ठेवलं होतं आणि ती बंद पडली. त्या सकाळी पेटीवर साथ करणारे बुवा पुढच्या वर्षी गेले. घरच्यांनी व्हिडिओ मागितला तेव्हा माझ्याजवळ द्यायला काहीच नव्हतं. आजही त्यांच्या घरावरून जाताना मला ते आठवतं.

पालकांचा खरा प्रश्न असतो, यात पोट भरेल का. पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न अनियमित असतं. कामं हंगामी असतात: गणपतीतले बेंजो ग्रुप, नवरात्र, दिवाळी पहाट, डिसेंबर-जानेवारीची गॅदरिंगं, लग्नसराई. म्हणून पदवी सोडू नका. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये फिल्म एडिटिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरच करता येतो, ती वाट मोकळी राहिली पाहिजे. आणि बँडचं काम हे कमी दर्जाचं समजू नका. वुडस्टॉक या नावानं १९६९ साली झालेल्या संगीत महोत्सवाचा चित्रपट १९७० मध्ये आला. त्याच्या संकलनासाठी थेल्मा स्कूनमेकर यांना ऑस्कर नामांकन मिळालं. पुढे मार्टिन स्कोर्सेसी यांच्या चित्रपटांसाठी त्यांनी तीन ऑस्कर जिंकली. मुलांना जोनाथन डेमी यांचा १९८४ चा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ दाखवा. टॉकिंग हेड्स या बँडचा कार्यक्रम आहे तो. प्रेक्षकांचे चेहरे जवळजवळ शेवटापर्यंत दिसत नाहीत. कॅमेरा वादकांवर थांबतो, घाईनं कापाकापी नाही. दर दोन सेकंदांनी कट मारायची सवय लागलेल्या मुलांनी तो दोनदा पाहावा.

एक कायद्याची बाब. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचाही हक्क मानलेला आहे. वादकांची लेखी संमती घेऊनच रेकॉर्डिंग प्रसिद्ध करा. बँड दुसऱ्याची गाणी वाजवत असेल तर ती गाणी ज्यांची आहेत त्यांचा हक्क वेगळा, तोही विचारात घ्या. मुलांना ही सवय लहान कामांपासूनच लागावी.

त्या आईंनी फीच्या पैशांतून दोन डिस्क आणि कान पूर्ण झाकणारा एक हेडफोन घेतला. मुलीनं कॉलेजच्या कार्यक्रमात साउंडवाल्या काकांना आधीच गाठून मिक्सरचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून मागितला, आणि त्यांनी तो आनंदानं दिला. परवा तिचा व्हिडिओ आला. मागच्या मोबाइलच्या चित्रातही काठी आणि ठोका एकत्र पडत होते. ड्रमचा सोलो चालू असताना कॅमेरा मात्र आठ मात्रा गायिकेवरच राहिला होता. तेवढं तिला आज फोन करून सांगायचं आहे.