हिराबोळाचें तेल : गुण व सावधगिरी

हिराबोळ हें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांत परिचित आहे. बाळंतिणीच्या औषधांत तो पूर्वापार येतो. अलीकडे त्याचें तेलही लहान बाटल्यांतून विकत मिळूं लागलें आहे. आणि जो डिंक चालतो त्याचें तेलही चालेल, असा समज होणें साहजिक आहे. हा समज घातक होय, म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

झाड.— हें झाड आफ्रिकेच्या ईशान्य भागांतील सोमालिया व इथिओपिया या देशांत, तसेंच अरबस्तानांत, रुक्ष व खडकाळ जमिनींत होतें. तें ठेंगणें व काटेरी असून आपल्या गुग्गुळाचें सगोत्र आहे. सालीस चीर पडली म्हणजे रस पाझरतो व वाळून त्याचे तांबूस-तपकिरी खडे बनतात, हाच हिराबोळ. एकोणिसाव्या शतकांत हा माल बर्बेरा बंदरांतून एडनमार्गें मुंबईस येई व येथें निवडून विलायतेस जाई.

दप्तरांत एकाच नांवाचे दोन खातेदार असले म्हणजे बापाचें नांव पाहावें लागतें. तसेंच येथें आहे. काळाबोळ हा कोरफडीचा वाळविलेला रस असून तीव्र रेचक आहे. दुकानांत नुसता ‘बोळ’ मागूं नये.

तेल.— खडे वाफेनें ऊर्ध्वपातित केले असतां शेंकडा सुमारें २ ते ८ भाग तेल निघतें. म्हणजे एक तोळा तेलांत बारा ते पन्नास तोळे डिंकाचा तैलांश असतो. हवा लागल्यास तें दाटतें. यास्तव बाटलीचें बूच घट्ट लावून ती थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावी.

उपयोग.— हें तेल अत्तरांत व साबणांत घालतात. हिरड्यांच्या सुजेवर चूळ भरण्यास युरोपांत वापरतात तो डिंकाचा मद्यार्कांतील अर्क, तेल नव्हे. १९९६ सालीं इटलींतील शास्त्रज्ञांनीं यांतील एका घटकानें उंदरांची वेदना कमी होते असें दाखविलें. परंतु उंदरांवरील प्रयोग म्हणजे माणसाचें औषध नव्हे.

सावधगिरी.—
१. हें तेल पोटांत घेऊं नये.
२. अंगास निव्वळ लावूं नये. ३० मिलिलिटर तिळाच्या तेलांत फार तर १२ थेंब मिसळावे, व प्रथम हाताच्या आंतील बाजूस थोडेंसें लावून एक दिवस वाट पाहावी.
३. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं तें मुळींच वापरूं नये.
४. रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास हिराबोळ कोणत्याही रूपानें घेण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.
५. मुलाच्या पोटांत तेल गेल्यास वांती करवूं नये. तेल फुप्फुसांत उतरण्याचें भय असतें. बाटलीसह मुलास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

बाळंतिणीच्या खोलींत ही बाटली ठेवूंच नये, एवढें वाचकांनीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांस अवश्य सांगावें. लेख वाचल्याचें सार्थक त्यांतच आहे.